खर्ज

टॅम्पाहून निघाल्यावर दुसऱ्याच रात्री कळलं
की हा आवाज पुसता येणार नाही.

केबिन सहा-एक-एक-चार. भिंतींना गाद्या उभ्या केल्या,
दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला,
छतापासून लाइफ जॅकेटं टांगली, नारिंगी, ओळीनं,
वाळत घातलेल्या धुण्यासारखी.
तरी हेडफोनमध्ये तो येतच राहिला,
सात मजले चढून,
काळी पाच आणि पांढरी सात
यांच्यामधल्या फटीतून.

मी फिल्टर लावले. बटणं पिळली. शिव्या दिल्या.
डेल्फीन आर्सनो, वय एकाहत्तर, लुइझियानाच्या दलदलीतली,
फिडल मांडीवर आडवं ठेवून म्हणाली,
इमोजीन, तो आपल्या आधी आलाय.
आणि खुंट्या पिळून
चारही तारा त्याच्यापर्यंत खाली आणल्या.

मॅन्डोलिनवाला कुरकुरला. मग त्यानंही उतरवल्या.

दिवसा वर, पोहण्याच्या तलावाशेजारी,
दोन हजार उन्हाळी टोप्यांसमोर
उपासमारीची गाणी व्हायची, बुफेनंतर.
लोक खरंच रडायचे. हातातलं आइसक्रीम वितळायचं.
मला त्यात हसू यायचं, आणि नंतर यायचं नाही.

रॉइस टॅकेट मात्र समुद्राकडे बघत नसे.
केंटकीच्या डोंगरातला. चाळिशीचा.
डेकवर उभा राहिला की स्वतःचे बूट बघायचा.
खाऱ्या हवेनं त्याच्या बँजोचं कातडं सैल पडायचं,
तो बाथरूममध्ये बसून
केस वाळवायच्या यंत्रानं ते शेकायचा,
तापातल्या पोराला शेकावं तसं.

चौथ्या रात्री, तीन कडव्यांची एक जुनी चाल,
दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर
तो थांबला.
म्हणजे इंजिन.

एवढी शांतता मी कधी टिपली नव्हती.
दिवा एकदा मिटला, उघडला.
बँजो जमिनीवर आदळला.
रॉइस अनवाणी दाराशी,
दार टॉवेलात अडकलेलं, तो ओढतोय,
ओरडत नाहीये,
आणि त्याच्या दुसऱ्या हातात
डेल्फीनचं मनगट.

कॉरिडॉरच्या गालिच्यावर बसून, बऱ्याच वेळानं,
तो म्हणाला: खाणीतला पाण्याचा पंप
कुणाला ऐकू येत नाही.
थांबला की ऐकू येतो.
बाप सांगायचा, तो ऐकू आला
की हातातलं टाकायचं,
जवळचा माणूस धरायचा, आणि सुटायचं.
बापाचं पुढे काय झालं ते आम्ही विचारलं नाही.
त्यानं जवळचा माणूस धरला होता का, तेही.

मग खालून एक जण आला, रोडेल मगबानुआ,
इलोइलोचा, कानांत पिवळे बोळे, ढोपरापर्यंत ग्रीस.
फिल्टर तुंबला होता, म्हणाला, अकरा मिनिटं, सॉरी.
माइक पाहून थबकला.
काय भरताय?
तुम्हालाच, डेल्फीन म्हणाली.

बोळे काढून त्यानं हेडफोन लावला, डोळे मिटले.
हा दोन नंबरचा, म्हणाला.
याचं एक बेअरिंग थोडं रडतं. वरच्यांना सांगू नका.
तेवढ्यात पायाखाली तो पुन्हा सुरू झाला,
आणि रॉइसनं
बँजोवरची नवी चीर अंगठ्यानं चाचपली.

अल्बममध्ये ते कडवं नाही.
लेबलवाले म्हणाले, कापा.
मी कापलं आणि ठेवून दिलं.
कधी झोप लागली नाही की लावते:
फिडलचा सूर तुटतो. खुर्ची पडते.
मग काही नाही, काही नाही,
आणि अगदी जवळून,
न घाबरलेला एका म्हातारीचा आवाज:
रॉइस, बाळा,
हात दुखतोय.